वळवाच्या पावसाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

मेच्या उत्तरार्धात जिल्ह्याच्या अंदाजात बहुतेक दिवस एकाच साच्यातलं वाक्य येतं: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, हलका ते मध्यम पाऊस आणि ताशी ४० ते ५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता.’ वाचणारा त्यातला ‘पाऊस’ तेवढा उचलतो. मग कुणी अर्धवट सुकलेला कांदा चाळीत कोंबतो, कुणी पेरणीसाठी ट्रॅक्टर सांगून ठेवतो, आणि संध्याकाळी थेंबही पडला नाही की हवामान खात्याच्या नावाने खडे फोडतो. कुठे, कधी आणि किती हे तिन्ही त्या पत्रकात असतं, पण ते वाचायची एक रीत आहे.

‘तुरळक’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे

तुरळक हा शब्द पावसाच्या प्रमाणाचा नाही, जागेचा आहे. पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असं लिहितात. म्हणजे तुरळक म्हटलेल्या दिवशी चारांतली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज खराच. चौथ्या गावात अर्ध्या तासात ४० मिमी कोसळला, तरीही तो तुरळकच.

प्रमाणाचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिमी म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ मिमी म्हणजे मध्यम आणि ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार. ‘हलका ते मध्यम’ ऐकायला सौम्य वाटतं, पण ६० मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी. ते मध्यमच्या खान्यात बसतं, आणि तासाभरात आलं तर बांध फोडून जातं.

विभागांच्या नावांतही घोळ होतो. हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्रा’त नंदुरबारही येतं आणि कोल्हापूरही. त्यामुळे विभागाच्या अंदाजावर थांबू नका, खाली जिल्ह्याची ओळ पाहा. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्रातून निघतो, तो मुंबईच्या पत्रकात शोधत बसू नका.

दिवस मध्यरात्री बदलतो असं समजणं

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. बुधवारच्या रकान्यात पाऊस आहे आणि तो गुरुवारी पहाटे तीनला आला, तर अंदाज बरोबर आहे. उलट मंगळवारी संध्याकाळी झालेला पाऊस बुधवारी सकाळच्या नोंदीत दिसतो. गावातल्या पावसाचा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी मेळ लागत नाही, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

सकाळी आभाळ निरभ्र पाहून ‘आज काही येत नाही’ म्हणणं ही याच जातीची चूक. वळवाचा ढग सकाळी नसतोच. जमीन तापावी लागते, खालची दमट हवा वर चढावी लागते. दुपारी दोन-तीनपर्यंत फुलकोबीसारखे ढग उभे राहतात आणि चार ते आठच्या दरम्यान कोसळतात. सकाळी कडक ऊन आणि अंगाला चिकटणारा उकाडा असेल तर दुपारकडे जास्त लक्ष द्या.

आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या नकाशावर ‘जारी केल्याची तारीख आणि वेळ’ पाहिल्याशिवाय काहीच करू नका. गेल्या वर्षीचा नकाशा दरवर्षी नेमाने फिरतो.

नुसता रंग पाहणं, चिन्ह न पाहणं

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हा रंग धोक्याचा आणि त्याच्या शक्यतेचा आहे, मिलिमीटरचा नाही. मेमध्ये पिवळा बहुधा विजा आणि वाऱ्यासाठी असतो, आणि कधी कधी चक्क उष्ण-दमट हवेसाठी किंवा उष्णतेच्या लाटेसाठी. नकाशात जिल्ह्यावर ढग आणि विजेचं चिन्ह आहे की सूर्याचं, हे आधी बघा. ‘यलो अलर्ट, मुसळधार पाऊस येणार’ अशा मथळ्यावर विसंबण्यापेक्षा मूळ पत्रकातली एक ओळ वाचलेली बरी.

‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ वाचून चक्रीवादळ आलं म्हणून घाबरणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. हवेच्या वरच्या थरात वारे गोल फिरत आहेत एवढाच त्याचा अर्थ. कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन, तीव्र डिप्रेशन अशा पायऱ्या चढून वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीवर गेला की मगच त्याला चक्रीवादळ म्हणतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं निसर्ग हे चक्रीवादळ होतं. विदर्भापासून दक्षिणेकडे ताणलेली नेहमीची द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) म्हणजे फक्त वळवाला पोषक हवा.

फोनमधल्या ढगाच्या चित्रावर शेत सोडणं

फोनवरच्या ॲपमागे बहुधा जागतिक मॉडेल असतं, म्हणजे पृथ्वीचे चौकटींत तुकडे पाडून संगणकाने काढलेला अंदाज, आणि त्याची एक चौकट साधारण ९ ते २५ किमीची असते. वळवाचा ढग पाच-दहा किमी रुंदीचा. तो चौकटीच्या जाळीतून निसटतो. म्हणून ‘आज ५ वाजता, ६ मिमी’ असं नेमकं दिसलं तरी ते त्या पूर्ण चौकटीसाठी आहे, तुमच्या गटासाठी नाही. पाच दिवस पुढचा कल पाहायला ही ॲप ठीक आहेत. शेतीच्या कामासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक घ्या. ते मेघदूत ॲपवर मराठीत मिळतं.

त्या दिवसाचं काम ठरवायला रडार आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा हे दोनच खरे उपयोगाचे. रडारचं एकच चित्र पाहून मात्र काही कळत नाही. वेळेच्या क्रमाने तीन चित्रं पाहा. लाल ठिपका अर्ध्या तासात २० किमी सरकला असेल तर त्याचा वेग ताशी ४०. तुमच्यापासून ४० किमीवर असेल तर हातात तासभर आहे. पण वळवाचा एकेक ढग अर्धा-पाऊण तासच जगतो, वाटेत विरतो, आणि त्याच्या थंड झोताने शेजारी नवा उभा राहतो. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायला लागतं.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. चित्रावर वेळ ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ११:०० म्हणजे आपले दुपारचे ४:३०. दुसरं म्हणजे अंतर. रडारचा झोत दूर जाताना वर चढतो, २०० किमीवर तो जमिनीपासून सुमारे चार किमी उंच असतो. तिथे दिसलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत आटून जमिनीवर फक्त धूळ उडू शकते, आणि झोताखालचा पाऊस रडारला दिसतच नाही.

वळवाला मान्सून समजून पेरणी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हवामान खात्याच्या २०२० साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे मान्सून केरळात १ जूनला, पुण्यात १० जूनला आणि मुंबईत ११ जूनला येतो. या सरासरी तारखा आहेत. २०२३ मध्ये तो मुंबईत २५ जूनला पोचला, २०२५ मध्ये २६ मेलाच. पण २०२५ चा धडा तारखेचा नाही: मेअखेर तो थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्याच्या उरलेल्या भागात सरकलाच नाही. ‘मान्सून दाखल’ या बातमीवर पेरायचं नसतं, ते यासाठी.

पेरायचं ते ओलीवर. कृषी विभागाचा सल्ला ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरण्याचा आहे. त्यातही वळवाचे ७५ आणि मृगातले ७५ सारखे नसतात. तापलेल्या, वर खपली धरलेल्या जमिनीवर अर्ध्या तासात ३० मिमी पडला तर बराचसा वाहून जातो. काळ्या जमिनीत तो भेगांतून खाली उतरतो आणि वरचा थर तिसऱ्या दिवशी पुन्हा वाळतो. वर ओल, मध्ये कोरडा पट्टा, खाली जुनी ओल, अशी स्थिती असताना बी उगवतं आणि मुळं कोरड्या पट्ट्यात जाऊन करपतात. मग दुबार पेरणी.

पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात चार-पाच जागी वीतभर खोल खणा. ओलीला ओल भिडली आहे का, ते डोळ्यांनी दिसतं. तळची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर थांबा. बोटांना चिखल लागला तर पाभर घालू नका. खानदेश-विदर्भात कापसाची धूळपेरणी होते, पण तो जाणूनबुजून घेतलेला जुगार आहे, त्याचा हिशेब वेगळा.

बादलीने पाऊस मोजणं

अंगणातल्या बादलीत चार बोटं पाणी दिसलं की ‘दोन इंच पडला’ अशी बातमी गावभर होते. बादली वर रुंद, खाली निमुळती. तोंड ३० सेंमी आणि तळ २० सेंमीचा असेल तर २० मिमीचा पाऊस तिच्यात ४० मिमीच्या वर दिसतो. सरळ भिंतीचा डबा घ्या, तोंड निदान १० सेंमीचं. तो उघड्यावर ठेवा. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर. पट्टीने खोली मोजा, तीच मिमी. बादलीच हाताशी असेल तर पाणी मापून घ्या, मिलिलिटरला तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंमी) भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येईल.

कांदा झाकताना

उपटलेला कांदा शेतात पातीखाली तीन-चार दिवस सुकत असतो आणि नेमका तेव्हाच इशारा येतो. उद्या-परवा ‘बऱ्याच ठिकाणी’ असेल तर काढणीच पुढे ढकला. उभा कांदा एक पाऊस सोसतो, उपटलेला सोसत नाही. काढून झाला असेल तर उंचवट्यावर ढीग करा, भोवती वीतभर चर खणा, मधोमध बांबू धरून ताडपत्रीला उतार द्या. कडांवर सुटे दगड नकोत. ताशी ५० किमीच्या वाऱ्यात ताडपत्री त्यांना घेऊन उडते. मातीने भरलेली पोती सलग ठेवा.

पाऊस गेला की ताडपत्री लगेच काढा. रात्रभर तशीच राहिली तर आत ऊब धरते आणि ढिगाच्या पोटातून सड सुरू होते. भिजलेला कांदा थेट चाळीत नको. सावलीत एकेरी थर पसरा, मान पूर्ण सुकू द्या, मऊ झालेले वेचून बाजूला करा. ते आधी विकायचे.

ढग गडगडत असताना ताडपत्री ओढत बसणं

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किमी ती दूर आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर हातातलं टाकून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा. झाडाखाली थांबायचं नाही, जनावरंही तिथे बांधायची नाहीत. मोटरच्या पेटीला आणि तारेच्या कुंपणाला हात नको. दामिनी ॲप आसपासच्या २० ते ४० किमीतल्या विजा दाखवतं, ते आधीच टाकून ठेवा. पाऊस उघडल्यावर लगेच बाहेर पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग कांद्याकडे बघा.