ड्रॉइंगवरील ‘आय’ आणि ‘एक’ यांचा घोळ

चाकणच्या आमच्या कारखान्यात एका ब्रॅकेटचे ड्रॉइंग ‘एच’ आवृत्तीच्या पुढे गेले, तेव्हा ड्रॉइंग आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या पीएलएम सॉफ्टवेअरने नव्या आवृत्तीला ‘आय’ (I) हे अक्षर दिले. पुरवठादाराच्या तपासनिसाने ती उभी रेघ ‘एक’ अशी वाचली आणि नमुने बनवतानाचे, अंकांनी आवृत्ती मोजलेले जुने ड्रॉइंग काढून ९ मिमीऐवजी ८.५ मिमीची भोके पाडली. त्याला दोष देणे मला पटले नाही, कारण एएसएमई या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे, ड्रॉइंगच्या आवृत्त्यांविषयीचे वाय१४.३५ हे मानक आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे आवृत्तीसाठी वर्ज्य ठरवते. सॉफ्टवेअरमधील आवृत्ती-अक्षरांची ए ते झेड ही मूळ यादी आम्हीच तशीच राहू दिली होती.

यादीतून सहा अक्षरे काढून ‘वाय’नंतर ‘एए’ येईल अशी व्यवस्था करणे हे दहा मिनिटांचे काम होते. खरी अडचण पुढे आली: ज्या ड्रॉइंगवर ‘आय’ आधीच पडले होते, त्यांची पुढची आवृत्ती निघेना, कारण नव्या यादीत ‘आय’च नसल्याने त्यापुढचे अक्षर सॉफ्टवेअरला सापडत नव्हते. इतिहास पुसणे मला मान्य नव्हते. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगसाठी बदल-आदेश काढून, प्रशासकाच्या अधिकारात ‘जे’ आवृत्ती दिली आणि ‘आय’ रद्दबातल अवस्थेत जपून ठेवली.

शीर्षक-चौकटीतील (ड्रॉइंगवरील नाव, क्रमांक वगैरे माहितीच्या चौकटीतील) आवृत्तीचे अक्षर तोवर हाताने टंकले जात असे. तेही आता थेट सॉफ्टवेअरमधूनच उमटते.