आनो कूफोनिसी : एका दिवसात बेटाची किनारफेरी कशी करावी

ग्रीसच्या एजियन समुद्रात नाक्सोस आणि अमोर्गोस या दोन मोठ्या बेटांच्या मधे लहान बेटांचा एक पुंजका आहे. आनो कूफोनिसी हे त्यांतले वस्ती असलेले सर्वांत लहान बेट असून त्याचे क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरांहूनही थोडे कमी भरते. कायमची वस्ती सुमारे चारशे माणसांची आहे आणि ती जवळजवळ सगळी नैर्ऋत्य टोकाच्या ‘खोरा’ या एकाच गावात राहते. बेटावर डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. सह्याद्रीत गडकोट चढलेल्या माणसाला सुमारे दहा किलोमीटरांची ही सपाट फेरी किरकोळ वाटेल, आणि चालण्यापुरती ती आहेही किरकोळ. मात्र वाटेत झाड नाही, झरा नाही, आडोसा नाही. त्यामुळे इथला दिवस अंतराच्या हिशोबाने आखून चालत नाही, तो ऊन आणि वारा यांच्या हिशोबानेच आखावा लागतो. पुढचे सगळे टप्पे त्याच बेताने मांडले आहेत.

महिना कोणता निवडावा

मे महिना, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे या फेरीसाठी सर्वांत चांगले दिवस. मेमध्ये माळावर अजून हिरवे आणि फुललेले काहीतरी शिल्लक असते, पण समुद्र गार असतो. सप्टेंबरात जमीन वाळून पिवळी पडलेली असते, पण उन्हाळाभर तापलेले पाणी पोहण्यासाठी उत्तम असते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी होते, खोल्या महागतात आणि ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा दिवसच्या दिवस वाहतो. आकाश निरभ्र असतानाच तो जोर धरतो, त्यामुळे ढग पाहून हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या डोळ्यांना तो फसवतो. बहुधा सकाळी तो मवाळ असतो, दुपारी चढतो आणि संध्याकाळी पुन्हा ओसरतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर खाणावळी आणि खोल्या एकेक करून बंद होतात, तेव्हा त्यापुढे जाण्यात अर्थ नाही.

कोकणच्या किनाऱ्याने चालणारा माणूस आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतो. इथे त्याची गरज नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तर एजियनमध्ये हा फरक काही सेंटिमीटरांचाच असतो. भरतीमुळे इथे वाट बुडत नाही. पाहायचा तो वाऱ्याचा अंदाज, त्याचे बळ बोफर्ट मापकात (वाऱ्याचा जोर आकड्यांत सांगणाऱ्या मापकात) किती आणि दिशा कोणती, एवढेच.

बेटावर पोहोचणे

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. अथेन्सला उतरल्यावर विमानतळावरून मेट्रोने किंवा बसने थेट पिरेयस बंदर गाठता येते. तिथून काही प्रवासी बोटी सरळ कूफोनिसीला जातात. नाही तर मोठ्या जहाजाने सुमारे साडेपाच तासांत नाक्सोस गाठावे आणि तिथून ‘एक्स्प्रेस स्कोपेलितिस’ ही लहान बोट धरावी. ती इराक्लिया, स्खिनूसा अशी थांबत थांबत जाते आणि वारा असला की चांगलीच डुलते. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी आणि वरच्या डेकवर मागच्या बाजूला बसावे. फेरीच्या आदल्या रात्री खोरातच मुक्काम ठेवावा. त्याच दिवशी येऊन, चालून परत जाण्याचा बेत आखला तर सकाळचे थंड तास बोटीवरच खर्ची पडतात.

सॅकमध्ये काय घ्यावे

माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे, उन्हाळ्यात तीन. पिण्याचे पाणी गावातल्या दुकानातून बाटलीबंद विकत घेतलेले बरे. टोपीला हनुवटीखालून बांधायची दोरी हवी, नाही तर टोपी अमोर्गोसला पोहोचेल आणि आपण इथेच राहू. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, नाकाकानांसह उघड्या भागांना सनस्क्रीन, पोहण्याचे कपडे आणि एक पातळ पंचा पुरे. चढ नसल्यामुळे जड ट्रेकिंग बूट लागत नाहीत, पण चपलाही नकोत. खडक काही ठिकाणी खरवडणारा आणि काही ठिकाणी भुसभुशीत आहे, म्हणून पकड असलेले साधे बूट घालावेत. पाण्यात उतरण्यासाठी रबरी तळाचे जोडे वेगळे घेतले तर उत्तम, कारण खडकाळ किनाऱ्यावर काळे काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात आणि त्यांचा काटा तळव्यात मोडला की उरलेला दिवस लंगडण्यात जातो.

खाण्याचे सामान गावातल्या बेकरीतून सकाळी घेता येते. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो आणि एक-दोन संत्री यांत दुपारपर्यंत भागते. फोनमध्ये बेटाचा नकाशा उतरवून ठेवावा, आणि 112 हा युरोपभर चालणारा आपत्कालीन क्रमांक व 108 हा ग्रीक तटरक्षक दलाचा क्रमांक लिहून ठेवावा.

दिशा उलटी धरावी

बहुतेक लोक खोरातून निघून दक्षिण किनाऱ्याने पूर्वेला चालत जातात आणि थकल्यावर बोटीने किंवा आतल्या रस्त्याने परततात. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. सकाळच्या गारव्यात आतला कंटाळवाणा रस्ता आधी उरकावा, ईशान्येची उघडी बाजू वारा चढण्याआधी पाहून घ्यावी आणि मग किनाऱ्याने गावाकडे यावे. असे केल्याने दुपारपर्यंत ऊन आणि उत्तरेचा वारा दोन्ही पाठीशी राहतात, आणि सावली व जेवण मिळण्याच्या जागा दिवस तापेल तशा जवळ येत जातात. सगळे नेमके उलट्या दिशेने येत असल्यामुळे सकाळी ईशान्येकडच्या ‘पोरी’ या खाडीचा किनाराही मोकळा मिळतो.

पहिला टप्पा : खोरा ते पोरी

जूनमध्ये सहाच्या सुमारास आणि सप्टेंबरात सातच्या सुमारास सूर्य उगवतो; त्यानंतर अर्ध्या तासात गाव सोडावे. गावाच्या मधून वर चढून पोरीकडे जाणारा आतला रस्ता धरावा. वाट चुकण्याजोगे काही नाही. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे ओसाड शेते, कुठेतरी शेळ्या आणि रस्त्याकडेला थाइमची खुरटी झुडपे. त्यांचे टोक चिमटीत चुरगळले तर ओव्याच्या जवळ जाणारा वास बोटांना लागतो. पाऊण तासात पोरीचा अर्धचंद्राकृती किनारा समोर येतो. इथे लगेच पाण्यात उतरण्याचा मोह होतो, पण तो आवरून पुढे जावे.

दुसरा टप्पा : झिलोबातिस

पोरीच्या मागच्या बाजूने ईशान्येकडच्या टोकावर निघालेली पायवाट झिलोबातिसच्या गुहांकडे जाते. समुद्राने खडक खालून पोखरून इथे कमानी, कपारी आणि लहान लहान पुळणी तयार केल्या आहेत. सगळ्या फेरीत जपून चालण्याची जागा हीच. कडा वरून भक्कम दिसतो, पण त्याच्या पोटात काही उरलेले नसते. म्हणून फोटोसाठी काठावर उभे राहू नये, काठापासून तीन-चार पावले मागेच राहावे आणि खाली उतरायचे असेल तर मळलेल्या वाटेनेच उतरावे. वाऱ्याच्या दिवशी हा टप्पा सरळ वगळावा. उत्तरेकडून येणारी लाट इथे थेट आदळते आणि गुहेत पोहत गेलेल्या माणसाला परत फिरणे अवघड होते. निवांत सकाळी मात्र इथून वायव्येला नाक्सोसचे सुमारे हजार मीटर उंचीचे डोंगर आणि ईशान्येला दोनूसा बेट स्वच्छ दिसतात.

वायव्येचा किनारा या फेरीत घेतलेला नाही. बेटाला अक्षरशः पूर्ण प्रदक्षिणा घालायची हौस असेल तर तिकडेही जाता येईल, पण पाहण्यासारखे बहुतेक सारे दक्षिणेला आणि पूर्वेला आहे.

तिसरा टप्पा : पोरी ते इतालिदा

परत पोरीला येऊन आता पोहावे. तळ वाळूचा आहे, उतार हळूहळू वाढतो, त्यामुळे नवशिक्यांनाही भीती नाही. पोरीच्या परिसरातच ‘गाला’ नावाची गोट्यांची छोटी खाच आहे. तिच्या तिन्ही बाजूंना खडक उभे आहेत आणि समुद्र खडकातल्या भोकातून आत येतो. लाट असली की सगळी खाच फेसाने भरून जाते. ती वरूनच पाहावी.

पुढे किनाऱ्याची पायवाट खडकाच्या कडेकडेने दक्षिणेला वळते. सुमारे पंधरा-वीस मिनिटांत ‘पिसिना’ येते. खडकात समुद्राने कोरलेले हे गोल कुंड असून त्याचा समुद्राशी संबंध पाण्याखालच्या वाटेने आहे. काठावर उभे राहिले की कुंडातले पाणी श्वास घेतल्यागत वरखाली होताना दिसते. ही हालचाल बघत पाच मिनिटे थांबावे. पाणी वीतभर हलत असेल तर पोहणाऱ्याला हरकत नाही. ते हातभर किंवा त्याहून जास्त हलत असेल, तर आतून बाहेर ओढणारा जोर मोठा असतो. अशा वेळी तरुण पोरे बिनधास्त उड्या मारत असली तरी आपण मारू नये. बाहेर निघण्याची जागा कोणती, हे उडी मारण्याआधी पाहून ठेवावे, कारण आतून सगळा काठ सारखाच गुळगुळीत दिसतो.

इथून पुढे इतालिदा, ज्याला प्लातिया पुंता असेही म्हणतात. बेटावरचा सर्वांत सुंदर किनारा कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन. वाळू फिकी, पाणी उथळ आणि सावली शून्य. खाणावळ नाही, दुकान नाही, म्हणून पाणी शिल्लक ठेवूनच इथे पोहोचावे. या किनाऱ्यावर काही माणसे निर्वस्त्र ऊन खात पडलेली असतात. ती इथली जुनी रीत आहे. टक लावून पाहणे आणि कॅमेरा त्यांच्या दिशेने धरणे, दोन्ही अशिष्ट समजले जाते. मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना हे आधी सांगून ठेवणे सोयीचे पडते.

चौथा टप्पा : फानोस, फिनिकास आणि दुपार

इतालिदापासून फानोस आणि तिथून फिनिकास अशी वाट सोपी होत जाते. या सगळ्या पट्ट्यात समुद्रापलीकडे केरोस हे उघडेबोडके बेट समोर राहते. आज तिथे वस्ती नाही, पण इसवीसनपूर्व तिसऱ्या सहस्रकात ते फार मोठे ठिकाण होते. मुद्दाम फोडलेल्या संगमरवरी मूर्तींचे तुकडे तिथे इतरत्रहून आणून पुरलेले सापडले आहेत. मूर्तींची मोडतोड त्या जागी झालेली नाही, कारण तुकड्यांचे जोड तिथे मिळत नाहीत. केम्ब्रिजचे पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांच्या नेतृत्वाखाली 2006 ते 2008 या काळात तिथे पद्धतशीर उत्खनन झाले. केरोसच्या पश्चिम टोकाशी दास्कालिओ नावाचा निमुळता खडक दिसतो. आज तो स्वतंत्र आहे, पण त्या काळी समुद्राची पातळी खाली असल्याने केरोसला जोडलेला होता आणि त्याच्या उतारावरची बांधकामे नाक्सोसहून होड्यांतून आणलेल्या संगमरवराची होती. केरोसला मिळालेली वीणावादकाची प्रसिद्ध मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जाता-येता अथेन्सला अर्धा दिवस असेल तर ती पाहावी. केरोसवर उतरण्यास मनाई आहे. कूफोनिसीवर चालतानाही जुन्या खापराचा तुकडा दिसला तर तो उचलू नये, कारण ग्रीसमध्ये पुरातन वस्तू 2002 च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि विमानतळावर ‘आठवण म्हणून घेतला’ हे उत्तर चालत नाही.

बारा-साडेबाराला फिनिकासला पोहोचून हंगामात उघड्या असणाऱ्या खाणावळीत सावलीला बसावे आणि साडेतीन-चारपर्यंत उठू नये. मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे, कारण गाव मासेमारांचे आहे. मासा वजनावर विकतात, म्हणून भाव किलोचा आहे की ताटाचा, हे मागवण्याआधी विचारावे. शाकाहारी माणसाने ‘फावा’, म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, मोठ्या पांढऱ्या वालांची टोमॅटोतली उसळ आणि उकडलेली रानभाजी मागवावी. फावावर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल घालतात. लिंबू मागून घेतले की पिठल्या-भाकरीवर वाढलेल्या माणसाला ते चटकन आपलेसे वाटते. पाय दुखत असतील तर हंगामात लहान मोटारबोटी या किनाऱ्यांवरून खोराला प्रवासी नेतात. मात्र शेवटच्या बोटीची वेळ त्याच दिवशी सकाळी धक्क्यावर विचारून घ्यावी.

शेवटचा टप्पा : खोरा, लूत्रो, पारियानोस

फिनिकासहून गाव वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. गावाच्या पुळणीवरून, धक्क्याजवळच्या पांढऱ्या पवनचक्कीला वळसा घालून पश्चिमेला लूत्रोच्या खाडीकडे जावे. तिथे लाकडी होड्या दुरुस्तीसाठी वर ओढून ठेवलेल्या असतात. आणखी पुढे पारियानोसची छोटी खाडी आहे. दिवसभराचे चालणे अंगावर आले असेल तर हा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी केला तरी बिघडत नाही.

परतीचे तिकीट काढताना एक दिवस हाताशी ठेवावा. वाऱ्याचे बळ बोफर्ट मापकावर आठच्या घरात गेले की बंदर अधिकारी साधारणपणे जहाजे थांबवतात आणि वेगवान बोटी त्याही आधी बंद होतात. त्यामुळे मायदेशी जाणाऱ्या विमानाच्या आदली रात्र बेटावर काढू नये. ती अथेन्समध्येच काढावी. बोट रद्द झाली तर तिकीट बदलून मिळते किंवा पैसे परत मिळतात, तेव्हा धक्क्याजवळच्या तिकीटविक्रेत्याकडे लगेच जाऊन पुढच्या बोटीवर नाव घालून घ्यावे, कारण त्या वेळी तिथे रांग लागलेली असते.