एमएसडब्ल्यूला जायचंय? आधी चार दिवस बाकावर बसा

मी साताऱ्यात बीकॉम केलं, मग एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. त्याला बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी लागते हा गैरसमज. बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते.

फॉर्म भरायच्या आधी एखाद्या संस्थेत नुसतं बसायची परवानगी मागा. मी व्यसनमुक्ती केंद्रात बसले. तिसऱ्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, "पोरी, सल्ला नको, ऐकून घे." दोन तास ऐकलं. माझा कल समुपदेशनाकडे आहे, हे तिथे कळलं. मैत्रिणीला मात्र गावसभेतच करमायचं.

मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) हवी तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचा फॉर्म भरायला पदवीच्या निकालाची वाट बघत बसलात तर एसटी गेली म्हणून समजा. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. घरची भाकरी खाऊन शिकायचं तर आपलं साताऱ्याजवळच्या जकातवाडीचं यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क. नोकरी करणाऱ्यांना इग्नू हे मुक्त विद्यापीठ, पण क्षेत्रकार्य (संस्थेत, वस्तीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) तिथेही सुटत नाही.

कॉलेज बघायला गेलात की इमारत नको, दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा. विचारा: क्षेत्रकार्याला कुठे पाठवतात? अहवाल सर खरंच वाचतात, की नुसती सही? माझ्या पहिल्या वर्षी नुसती सहीच व्हायची. आणि हो, गाडीभाडं कोण देतं तेही विचारा.