व्हर्च्युअल मशीनमधला आवाज नेमका कुठे अडला, हे कसे शोधावे

पुण्यात अभियांत्रिकीचे कितीतरी विद्यार्थी आपल्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवणारे सॉफ्टवेअर घालून त्यात उबंटू ही लिनक्स प्रणाली चालवतात आणि बाकी सगळे सुरळीत असताना आवाज मात्र येत नाही, म्हणून अडून बसतात. अशा वेळी उबंटू नव्याने बसवण्याचा खटाटोप करू नये. गेस्टमधला, म्हणजे आत चालणाऱ्या उबंटूमधला, आवाज आधी आभासी साउंड कार्डाकडे जातो, तिथून व्हर्च्युअलबॉक्स तो होस्टकडे, म्हणजे मूळ विंडोजकडे, सोपवतो आणि मग तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. यांपैकी कोणत्या टप्प्यावर तो थांबला, एवढेच शोधायचे असते.

विंडोजमध्ये आवाज नीट येतो याची खात्री करून घेतल्यावर उबंटूच्या सेटिंग्जमधला साउंड हा विभाग उघडावा. तिथे ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसत असेल, तर बहुधा गेस्टला कार्डच सापडलेले नाही. माझ्या मते संपूर्ण तपासातली ही सर्वांत उपयोगी खूण आहे, कारण पुढे कोणत्या दिशेने जायचे हे तिच्यावरूनच ठरते.

कार्ड सापडले नसेल, तर व्हर्च्युअल मशीन पूर्णपणे शटडाउन करावे; नुसते ‘सेव्ह स्टेट’, म्हणजे चालू स्थिती जतन करून थांबवणे, केल्यास कार्डाचा प्रकार बदलता येत नाही. नंतर त्या मशीनच्या सेटिंग्जमधील ऑडिओ विभागात ऑडिओ आणि आउटपुट दोन्ही चालू आहेत ना, हे पाहून कंट्रोलर, म्हणजे आभासी कार्डाचा प्रकार, म्हणून ‘इंटेल एचडी ऑडिओ’ निवडावा. आजच्या लिनक्सला आणि विंडोज ७ व पुढच्या आवृत्त्यांना तो चालतो. ६४ बिट विंडोज ७ मध्ये एसी९७ या जुन्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मुळातच नसतो. उबंटूची क्लाउड प्रतिमा (क्लाउडसाठी आधीच तयार केलेली आटोपशीर प्रत) वापरली असेल, तर ध्वनीची मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर, ‘लिनक्स मॉड्यूल्स एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजमधून घ्यावी लागतात.

कार्ड दिसत असूनही शांतताच असेल, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाची पातळी बदलणारा प्रोग्रॅम चालवून एफ६ने ते कार्ड निवडावे. ‘मास्टर’च्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसले, तर तो आवाज म्यूट आहे असे समजावे. एम ही कळ दाबताच तिथे ‘००’ येते.

गेस्टमध्ये ध्वनीची पातळी हलताना दिसते, पण कानावर काही पडत नाही, अशा वेळी अडचण होस्टच्या बाजूला असते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ब्लूटूथ हेडफोन लावून बसलेल्यांनी हे आवर्जून तपासावे, कारण मशीन सुरू असताना हेडफोन जोडला, तर आवाज आधीच्याच उपकरणाकडे जात राहू शकतो. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये व्हर्च्युअलबॉक्सची स्वतंत्र नोंद असते. तिथला आवाज वाढवावा आणि योग्य उपकरण निवडावे.

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी विंडोजमधलीच हायपर-व्ही ही सोय वापरत असाल, तर तिच्यात आभासी साउंड कार्डच नसते, त्यामुळे तिथे एनहान्स्ड सेशन ही रिमोट डेस्कटॉपसारखी जोडणी वापरावी. लिनक्स होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्ट-मॅनेजरमध्ये गेस्टचा पडदा दाखवण्याची पद्धत (डिस्प्ले) व्हीएनसीऐवजी स्पाइस ठेवावी.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मशीन तयार करून देणाऱ्यांनी मात्र ऑडिओची सेटिंग्ज पहिल्यांदा मशीन सुरू करण्यापूर्वीच लावून ठेवावीत. उबंटू बसवतानाही सुपर, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की ओर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागतो, आणि आवाज असेल तरच पुढची सगळी उभारणी त्या विद्यार्थ्याला कुणाच्या मदतीविना करता येते.