विसरणाऱ्या माणसाला नवी गोष्ट कशी शिकवावी

"आजी, चष्मा कुठे ठेवलास?" "असेल गादीखाली." गादीखाली नसायचा. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा गादीच उचलायची.

चेहरा आणि नाव, वस्तू आणि तिची जागा यांची गाठ मारण्याचं काम मेंदूत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस करतो. अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच त्याला इजा पोहोचते. पण शिकण्याच्या सगळ्या वाटा त्याच्यातून जात नाहीत. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या फिट्स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. नवं काही त्यांच्या लक्षात राहीना. तरीही आरशात बघून चांदणी गिरवताना त्यांचा हात दिवसागणिक सुधारला, आणि दरवेळी त्यांना वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. आपल्याला हीच उरलेली वाट धरायची आहे.

विसरणं अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. बी-१२ किंवा थायरॉईडच्या कमतरतेनेही स्मरणशक्ती मंदावते.

मग रोजच्या उपयोगाची एकच जोडी निवडा. आम्ही निवडली चष्मा आणि देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा. चष्मा तिथेच ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं.

उत्तर आधी सांगा, लगेच विचारा: "चष्मा कोनाड्यात असतो. कुठे असतो चष्मा?" "आठव बघू" अजिबात म्हणू नका. आपण चुकलो तर ती चूक आपल्याला आठवते, म्हणून सुधारते. इथे चुकीचं उत्तर जिभेवर बसतं आणि ते चुकीचं होतं एवढंच विसरलं जातं. आजीची गादी ती हीच.

आता अंतर वाढवा. अर्ध्या मिनिटाने विचारा, मग एक, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा मारा, मटार सोला. प्रश्नाचे शब्द कोणीही बदलू नयेत. उत्तर देताना उठून कोनाड्यात हात घालायला लावा. चुकलं तर बरोबर उत्तर लगेच सांगून वदवून घ्या आणि आधी जमलं होतं त्या अंतरावर परत या.

आणि कृपा करून ओरडू नका. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ क्लापारेद यांनी विस्मरण झालेल्या एका बाईंशी हात मिळवताना बोटांत टाचणी लपवली होती. बाईंना टोचल्याचं आठवेना, पण पुढच्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. हे क्लापारेद यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलं. टोचलेलं राहतं.

काही आठवड्यांनी आजीला विचारलं, "कोनाड्याचं कोणी शिकवलं गं तुला?"

"त्यात शिकवायचंय काय?" म्हणत तिने कोनाड्यातला चष्मा काढून डोळ्यांना लावला.