पॉलिप काढलाय, मग पुढची कोलोनोस्कोपी कधी? (इंग्लंडमधल्या आपल्या लोकांसाठी)

मामांचं फिट किट (शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी घरी करायची चाचणी) पॉझिटिव्ह आलं, कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी झाली, 3 पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या लहान गाठी) काढले आणि पत्र आलं की पुढची 3 वर्षांनी. लगेच पुण्याहून मावशीचा फोन, "3 वर्षं कसली थांबताय, दरवर्षी करून घ्या!" तिची काळजी खरी आहे, पण हा आकडा अंदाजाने टाकलेला नसतो, तो कसा निघतो ते एकदा समजून घ्या म्हणजे जीव भांड्यात पडेल.

आधी दोन कागद हातात घ्या. एक कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट, दुसरा काढलेल्या पॉलिपच्या तपासणीचा म्हणजे हिस्टॉलॉजीचा, तो नंतर येतो आणि खरा निर्णय त्याच्यावरच असतो. मामांच्यात लिहिलं होतं, 12 मिलिमीटरचा अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारा पॉलिप), 4 मिलिमीटरचा अ‍ॅडेनोमा आणि रेक्टममध्ये (गुदाशयात) 3 मिलिमीटरचा हायपरप्लास्टिक प्रकारचा पॉलिप. हा शेवटचा मोजायचाच नाही, रेक्टममधले 5 मिलिमीटरपर्यंतचे हायपरप्लास्टिक पॉलिप धोक्याचे धरत नाहीत. राहिले दोन.

आता इथला 2020 चा नियम असा, की कॅन्सरकडे जाऊ शकणारे 2 किंवा जास्त पॉलिप असतील आणि त्यातला एक तरी 10 मिलिमीटर किंवा मोठा असेल, किंवा पेशींमध्ये जास्त बिघाड दिसला असेल (अ‍ॅडेनोमात हाय ग्रेड डिस्प्लेझिया, सेरेटेड म्हणजे करवतीच्या दातांसारख्या दिसणाऱ्या पॉलिपमध्ये कुठलाही डिस्प्लेझिया), तर 3 वर्षांनी एक कोलोनोस्कोपी. असे पॉलिप एकूण 5 किंवा जास्त असतील तरी 3 वर्षंच. मामा पहिल्या गटात बसले. तो 12 चा एकटाच असता तर बहुतेक परत नेहमीच्या स्क्रीनिंगलाच पाठवलं असतं, म्हणजे दर 2 वर्षांनी घरी येणारं किट. आणि ते किट आलं की ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, प्लीज.

मोठा पॉलिप, 20 मिलिमीटर किंवा वरचा, तुकडे करून काढला असेल तर गोष्ट वेगळी, ती जागा 2 ते 6 महिन्यांत परत बघतात आणि मग दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा एकदा. "एका तुकड्यात निघाला का?" हे नर्सला विचाराच.

हे सगळं गृहीत धरतं की आतडं स्वच्छ होतं आणि कॅमेरा सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचला. रिपोर्टमध्ये तयारी अपुरी असं लिहिलं असेल तर वरचे आकडे विसरा, कोलोनोस्कोपी लवकर परत करायची का ते विचारा.

मग तुमची स्वतःची गोष्ट येते. वय 75 च्या पुढे असेल किंवा इतर आजार मोठे असतील तर सहसा पुढची करत नाहीत, कारण जुलाबाचं औषध, रक्तस्राव, क्वचित आतड्याला भोक पडणं हे धोके त्या वयात फायद्यापेक्षा जड होतात. उलट कोणी चाळिशीच्या आतला असेल तर धोका कमी असला तरी 5 किंवा 10 वर्षांनी बघायचं का, हे डॉक्टर त्याच्याशी बोलून ठरवतात. आणि आई-वडील, भावंडं यांच्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर ते स्वतःहून सांगा. आपल्याकडे "पोटाच्या दुखण्याने गेले" एवढंच सांगतात, म्हणून गावाकडे फोन करून नीट विचारा, लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा, आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) निघाला तर दर 2 वर्षांनी कोलोनोस्कोपी लागते, सगळं वेळापत्रकच बदलतं.

पत्रात 3 वर्षं असोत की काहीही, मधे शौचातून रक्त पडलं, शौचाची सवय बदलून तशीच राहिली किंवा वजन उगाच उतरलं तर तारखेची वाट न बघता जीपीकडे जा.