स्पॅनिशच्या वर्गात संस्कृती आणि प्रवास कसे आणावेत

स्पॅनिशच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत संस्कृतीची जागा ठरलेली असते, आणि ती म्हणजे धड्याच्या शेवटची रंगीत चौकट. तिथे फ्लामेन्कोचे एक छायाचित्र, पाएयाची पाककृती आणि एखाद्या सणाविषयी चार वाक्ये असतात. वेळ उरला तर ती वाचायची, नाही तर पुढचा धडा उघडायचा. चौकटीतले परीक्षेला येत नाही हे विद्यार्थ्यांनाही पहिल्या महिन्यातच उमगते. इथे सुचवलेला मार्ग उलट दिशेने जातो. आधी प्रवास ठरवावा, त्या प्रवासात माणसाला काय विचारावे, वाचावे आणि ओळखावे लागेल याची यादी करावी, आणि त्या गरजेपोटी व्याकरण शिकवावे. प्रवास कागदावरचा असला तरी चालतो. मात्र त्यातली स्थळे, वेळापत्रके आणि रीतिरिवाज खरे असले पाहिजेत.

पायरी १ : एकच ठिकाण निवडावे आणि तिथे मुक्काम करावा

स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे. अमेरिकेचा प्रदेश असलेले पोर्तो रिको त्याखेरीज. त्यामुळे दर आठवड्याला एक देश उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण झेंडा, राजधानी आणि लोकसंख्या यांच्या तक्त्यांतून भूगोलाची उजळणी होते, भाषा मात्र जागची हलत नाही. एका सत्रासाठी एकच शहर किंवा एकच मार्ग पुरेसा आहे.

निवड करताना स्वतःला ठाऊक असलेल्या प्रदेशाला प्राधान्य द्यावे आणि तिथल्या बोलीचा विचार आधीच करावा. पाठ्यपुस्तक स्पेनमधले असेल तर त्यात ‘बोसोत्रोस’ची (जवळच्या अनेकांना ‘तुम्ही’ म्हणण्याची) रूपे असतील, वर्ग मेक्सिकोला निघाला तर ती रूपे तिथे कोणी बोलत नाही, अनेकांसाठी सगळीकडे ‘उस्तेदेस’ चालते. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसमध्ये ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतो आणि क्रियापदाचे रूपही बदलते. हे पहिल्याच तासाला सांगून टाकावे, म्हणजे पुढे एखादी ध्वनिफीत ऐकताना वक्ता चुकीचे बोलतो आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होत नाही.

अनेक धडे एका सूत्रात ओवायचे असतील तर उत्तर स्पेनमधला कामिनो दे सान्तियागो हा यात्रामार्ग फार सोयीचा पडतो. रोन्सेस्बायेस, पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन असे टप्पे घेत तो सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला पोहोचतो. यात्रेकरूजवळ ‘क्रेदेन्सियाल’ नावाची पुस्तिका असते आणि मुक्कामाच्या जागी तिच्यावर शिक्का घेतला जातो. यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हवे असेल तर किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने पार करावे लागतात आणि त्या अंतरात रोज दोन शिक्के दाखवावे लागतात. वर्गात हीच पुस्तिका करून घेता येते. टप्प्यावरचे काम स्पॅनिशमध्ये पुरे झाल्याखेरीज शिक्का मिळत नाही, हा नियम मोठ्या माणसांच्या वर्गातही आश्चर्यकारक उत्साहाने पाळला जातो.

पायरी २ : प्रवासाच्या गरजा आणि व्याकरण यांची सांगड घालावी

बेत आखताना ‘इर आ’ (‘जाणे’ या क्रियापदाने होणाऱ्या) रचनेचा भविष्यकाळ लागतो. खोली राखून ठेवताना तारखा, संख्या आणि वेळ लागतात, रस्ता विचारताना आज्ञार्थ लागतो. खोलीत गरम पाणी येत नसल्याची तक्रार नम्रपणे करायची तर ‘किसिएरा’सारखी (‘मला हवे होते’ अशा अर्थाची) रूपे लागतात, आणि घरी पत्र लिहिताना दोन्ही भूतकाळ हाताशी असावे लागतात: घडून गेलेल्या घटनेसाठी एक आणि पार्श्वभूमीसाठी दुसरा. हा क्रम पुस्तकातल्या क्रमाशी तंतोतंत जुळणार नाही. जिथे जुळत नाही तिथे लागणारे एखादे रूप तयार वाक्य म्हणून पाठ करून घ्यावे आणि त्याचे व्याकरण यथावकाश उलगडावे.

पायरी ३ : कागदपत्रे खरी आणावीत, काम सोपे ठेवावे

रेल्वेचे वेळापत्रक, संग्रहालयाचे माहितीपत्रक, खाणावळीचे दरपत्रक ही सामग्री त्या त्या देशातल्या लोकांसाठी तयार झालेली असावी. मजकूर अवघड आहे म्हणून तो सुलभ करून लिहिण्याची गरज नसते. प्रश्न सोपे केले की काम भागते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचे पान नवशिक्यांसमोर ठेवून ‘कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून प्रवेश विनामूल्य आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर शोधताना विद्यार्थी वारांची नावे, चोवीस तासांचे घड्याळ आणि सवलतीची परिभाषा या तिन्हींतून जातो, आणि बाकीचा न समजलेला मजकूर बाजूला ठेवण्याचे धैर्यही त्याच्या अंगी येते. पुढच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांना तेच पान देऊन चार जणांच्या कुटुंबाच्या भेटीचा बेत आणि खर्च मांडायला सांगता येतो.

पायरी ४ : एक तास जवळून पाहू — मेक्सिको शहराची मेट्रो

एखादे ठिकाण किती खोल नेऊ शकते याचा नमुना म्हणून ही मेट्रो मला सर्वांत आवडते. तिचा पहिला मार्ग ४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाला. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर स्वतःचे चिन्हही आहे; वाचता न येणाऱ्या प्रवाशालाही उतरायचे ठिकाण ओळखता यावे, हा त्यामागचा विचार. सुरुवातीची चिन्हे रेखाटणारे लान्स वायमन हे १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या बोधचिन्हांमुळेही ओळखले जातात.

तासाची सुरुवात फक्त चिन्हे दाखवून करावी. चापुल्तेपेकचा नाकतोडा, कोयोआकानचा कोयोटे (लांडग्यासारखा प्राणी), इन्सुर्खेन्तेसची घंटा, बाल्देरासची तोफ. जोड्यांनी बसून विद्यार्थी चित्रात काय दिसते ते स्पॅनिशमध्ये सांगतात आणि स्थानकाच्या नावाशी त्याचा संबंध काय असावा याचा तर्क लढवतात. नाकतोडा कुठून आला हे विचारले की नावातली नाउआत्ल, म्हणजे आस्तेकांची भाषा पुढे येते. घंटेमागे स्वातंत्र्यलढ्याची हाक आहे. पिनो सुआरेस स्थानकाचे चिन्ह एका छोट्या वेदीचे आहे: मेट्रोच्या खोदकामात एएकात्ल या वायुदेवतेची ती वेदी सापडली आणि गाडी बदलायला जाणाऱ्या प्रवाशांना ती आजही वाटेत दिसते. स्पॅनिश, आस्तेक आणि आधुनिक काळ एकाच भुयारात कसे राहतात, हे समजावणारे व्याख्यान यानंतर द्यावे लागत नाही.

मग नकाशा वाटावा आणि प्रवास करायला लावावा. ‘तू इन्सुर्खेन्तेसला आहेस, कोयोआकानला जायचे आहे, वाट विचार.’ उत्तर देणाऱ्याने सांगायचे, की मार्ग १ची पान्तित्लानच्या दिशेची गाडी घे, बाल्देरासला उतर, मार्ग ३ला जा, उनिबेर्सिदादच्या दिशेची गाडी पकड आणि कोयोआकानला उतर. या पाच सूचनांत आज्ञार्थाची रूपे ओळीने येतात, क्रमवाचक शब्द येतात आणि तिथली एक व्यवहारातली खूणही कळते: गाडीची दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावाने सांगितली जाते. वाट विचारणारा वयस्कर आणि अनोळखी आहे असे ठरवून तोच संवाद पुन्हा करवून घ्यावा, म्हणजे ‘तू’ची रूपे आदरार्थी ‘उस्तेद’च्या रूपांत बदलावी लागतात. तास संपताना प्रत्येकाने स्वतःच्या परिसरातल्या एका जागेसाठी चिन्ह काढावे आणि तेच का निवडले ते तीन वाक्यांत लिहावे.

पायरी ५ : वागण्याच्या रीती भाषेतूनच शिकवाव्यात

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या सुमारास सुरू होते आणि रात्रीचे नऊच्या आधी क्वचितच. जेवण उरकल्यावरही लोक टेबलाशी गप्पा मारत बसतात आणि न मागता बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवण्यासारखे मानले जाते. म्हणून बिल मागण्याच्या वाक्यावाचून तिथे अडल्याशिवाय राहत नाही. नाट्यप्रवेशात वेटर झालेल्या विद्यार्थ्याला आधीच बजावून ठेवावे की समोरचा मागेपर्यंत बिल द्यायचे नाही. पहिल्या जोडीची बराच वेळ चुळबुळ होते, आणि ती होऊ द्यावी.

संबोधनांचेही असेच आहे. मराठी माणसाला तू आणि तुम्ही यांचा भेद नव्याने सांगावा लागत नाही, पण त्यामुळेच तो घाईने समीकरण मांडतो. कोलंबियातल्या बोगोतामध्ये जिवलग मित्र आणि भावंडेदेखील एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना आढळतात, तर स्पेनमधल्या दुकानात अनोळखी विक्रेता पहिल्याच वाक्यात ‘तू’वर येऊ शकतो. नियम पाठ करून घेण्यापेक्षा वेगवेगळ्या शहरांतले दोन-तीन संवाद ऐकवून कोण कोणाला काय म्हणतो याची नोंद करायला सांगावी.

पायरी ६ : सण साजरा करण्याआधी समजून घ्यावा

कागदाची मोठी टोपी आणि चिकटवलेल्या मिशा म्हणजे मेक्सिको नव्हे. असले वेष वर्गात आणू नयेत. सण वर्षातून एकच घ्यावा, पण तो भाषेसकट घ्यावा. मेक्सिकोतला मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला असतो. पहिला दिवस प्रामुख्याने गेलेल्या बालकांचा आणि दुसरा मोठ्यांचा मानतात. घरोघरी ‘ओफ्रेन्दा’ मांडतात. तिच्यावर छायाचित्र, मेणबत्त्या, पाणी, मीठ, सेम्पासुचिल म्हणजे झेंडूची फुले, खास पाव आणि त्या व्यक्तीला आवडणारे पदार्थ ठेवतात. या शेवटच्या गोष्टीत व्याकरणाचा अख्खा धडा दडलेला आहे. ‘त्याला कॉफी आवडायची’, ‘ती रोज संध्याकाळी गायची’ अशी वाक्ये अपूर्ण भूतकाळाशिवाय होतच नाहीत, आणि प्रत्येक वस्तूशेजारी असे एक वाक्य ठेवणे हाच स्वाध्याय होतो.

इथे एक काळजी आवश्यक आहे. घरच्या माणसाची मांडणी करण्याची सक्ती कोणावरही करू नये. वर्गात नुकताच कोणी आप्त गमावलेला विद्यार्थी असू शकतो. चित्रकार फ्रिदा काहलोसारखी सर्वांना ठाऊक असलेली व्यक्ती निवडण्याची मुभा सुरुवातीलाच द्यावी. हा सण हॅलोवीनची मेक्सिकन आवृत्ती नाही हेही स्पष्ट करावे, आणि तो गोठलेला नाही हेही. मेक्सिको शहरातली भव्य मिरवणूक अवघी २०१६ पासूनची आहे आणि ती एका परदेशी चित्रपटातल्या दृश्यावरून सुचली. तिच्याविषयीची मते तिथल्या लोकांतही वेगवेगळी आहेत, त्यामुळे वरच्या वर्गात चर्चेला हा विषय उत्तम.

पायरी ७ : जिवंत माणसांशी गाठ घालून द्यावी

तिकडच्या एखाद्या वर्गाशी दूरदृश्य भेट ठरवता आली तर ठरवावी. भेटीआधी प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते तपासताना व्याकरणाइतकेच लक्ष सुराकडे द्यावे. ‘तुम्ही इतक्या उशिरा का जेवता?’ यापेक्षा ‘तुमच्या घरी कोण किती वाजता जेवते?’ या प्रश्नाला लांब आणि खरे उत्तर मिळते.

पायरी ८ : प्रत्यक्ष सहल निघालीच तर

कागदपत्रे, परवानग्या आणि विमा यांचे काम संस्थेच्या नियमांनुसार करावे. शिक्षकाने भाषेच्या बाजूने मात्र दोन गोष्टी निघण्यापूर्वीच पक्क्या करून घ्याव्यात. एक, अडचणीची वाक्ये: पत्ता सांगणे, दुखणे सांगणे, पारपत्र हरवल्याचे सांगणे. तातडीच्या मदतीचा क्रमांक स्पेनमध्ये ११२ आणि मेक्सिकोत ९११ आहे, आणि तो स्पॅनिशमध्ये बोलून दाखवता आला पाहिजे. दुसरी, प्रत्येकाच्या नावावर रोजचे एक काम: आज पाव कोणी आणायचा, बसची चौकशी कोणी करायची. हे वाटून दिले नाही तर गटातला सर्वांत धीट विद्यार्थी सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे राहून परततात.

पायरी ९ : गुण कशाला द्यावेत

संस्कृतीवर वेगळी प्रश्नपत्रिका काढली की ती पुन्हा चौकटीत जाते. बोलण्याच्या परीक्षेतच एक प्रसंग द्यावा: दुपारी दोन वाजता स्पेनमधल्या सेविय्या शहरातल्या खाणावळीत दोघे जण शिरतात, जेवतात, निघतात. अभिवादन वेळेला साजेसे होते का, संबोधन शेवटपर्यंत एकच राहिले का, न समजलेला पदार्थ विचारून घेतला का, बिल मागितले का, या चार गोष्टींना उच्चार आणि क्रियापदांच्या बरोबरीने गुण ठेवावेत, आणि गुणांची ही वाटणी विद्यार्थ्यांना सत्राच्या पहिल्या दिवशीच दाखवावी.